सटीच्या कागदावरचे डोंगर

समोर तान्हं बाळ असलं की सुलक्षणा धुरी हातात पेन धरत नसे. मुलुंडच्या ज्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आम्ही दोघी नोकरीला होतो, तिथे ही गोष्ट लिफ्टमनपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, आणि तिचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. ती ईईजीची टेक्निशियन. पेशंटच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या आणि मेंदूत चाललेली वीज रेघांमध्ये उतरवून घ्यायची, हे तिचं काम. मी शेजारच्या खोलीत बसून रिपोर्ट टाइप करायची. मोठा माणूस टेबलावर असला तर फॉर्म ती स्वतःच भरायची. पण महिन्याच्या आतलं मूल आलं की पेन ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर बंद, आणि मला हाक, "कमल, ये गं, लिहून घे." हातातलं काम टाकून मी उठायचं. ती सांगणार, मी लिहिणार. पहिली दोन वर्षं मी यावरून तिच्याशी खूप भांडले. मग सवय झाली, जशी नवऱ्याच्या घोरण्याची होते.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आधीच सांगून ठेवते, कारण या हकिकतीत एक भूत आहे. मी ते पाहिलेलं नाही, पण बावीस वर्षं त्याच्या शेजारच्या खोलीत बसले आहे.

सुलूचा हात फार हलका होता. बाळाच्या टाळूवर तिने टेप धरून मापं घेतली, लाल पेन्सिलीने खुणा केल्या, पेस्ट लावून बारक्या वाट्यांसारखे इलेक्ट्रोड बसवले, तरी बाळ झोपेतून हलायचं नाही. ही लाल पेन्सिल चालायची तिला, पेन चालायचं नाही. विचारलं तर म्हणायची, "पेन्सिल पुसते." काम झालं की कोमट पाण्याने आणि खोबरेल तेलाने ती बाळाचं डोकं स्वतः पुसायची. आया समोर उभ्या असायच्या, पण त्यांना करू द्यायची नाही. रेकॉर्डिंग चालू असताना मात्र तिच्याशी बोलायची सोय नव्हती. एक डोळा स्क्रीनवर, एक बाळावर. फिट येण्याआधी काही बाळांच्या रेघा क्षणभर सपाट होतात. ती सपाटी दिसली की सुलूचे खांदे वर चढायचे. मला दारातून दिसायचे. इतक्या वर्षांत तेवढ्याची तिला सवय झाली नाही.

तिने लग्न केलं नाही. स्थळं आली होती, चांगली होती. कोणाच्या घरी सहावीला किंवा बारशाला जायची नाही. कँटीनमध्ये काही करपलं तर ताट तसंच ठेवून उठून जायची. मी हे सगळं विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

दोन हजार नऊ साली कंप्युटरवाली नवी मशीन आली आणि जुनी कागदाची मशीन भंगारात गेली. त्या जुन्या मशीनला आठ पेनं होती. पेशंटच्या डोक्यातून येईल तसं ती आपोआप कागदावर खरखर करत लिहायची. भंगारवाल्याचा टेंपो गेटबाहेर पडेपर्यंत सुलू खिडकीत उभी राहिली. मग माझ्या टेबलासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "कमल, आता सांगते तुला."

एकोणीसशे शहाऐंशी. विक्रोळीला कन्नमवार नगरात धुरींची खोली. वडील जयवंत, गिरणी सुटल्यावर तिथल्याच एका कारखान्यात लागलेले. आई राधा, मालवणकडची. सुलू आठ वर्षांची. आईला मुलगा झाला तेव्हा सुलूला घाटकोपरला आत्याकडे ठेवलं होतं. सहाव्या दिवशी आत्या तिला घेऊन घरी आली, सटीच्या पूजेला. सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तिच्यासाठी पाटा मांडला होता. हळदकुंकू, तांदूळ, दिवा. आणि कोरा कागद, त्यावर नवं पेन. दिवेलागणीला बायका चहा घ्यायला गॅलरीत गेल्या. खोलीत आई डोळा लागून पडलेली, तिच्या कुशीत बाळ, आणि कागदासमोर सुलू.

कोरा कागद आणि नवं पेन बघून आठ वर्षांच्या पोराने काय करायचं? तिने डोंगर काढले. सगळी मुलं काढतात तसे, वर-खाली, वर-खाली, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला बाळाने विचित्र आवाज केला. तिने मान वळवली. बाळाचा एक हात वर ताठ झाला होता, डोकं एका बाजूला फिरलं होतं, आणि बघता बघता ते निळं पडलं. सुलूच्या हातात पेन तसंच होतं.

आत्या धावत आत आली. तिने आधी कागद बघितला, मग बाळ. "सटवाईच्या आधी हिनं लिहिलं," आत्या म्हणाली. सुलूला हे वाक्य आवाजासकट पाठ होतं. बाळाला बाहेरचं झालं असं ठरलं. कोणीतरी जाणता आणला. त्याने तापलेल्या तारेने बाळाच्या पोटावर चार डाग दिले. ते चिघळले. नवव्या दिवशी बाळ गेलं. बारसं व्हायला तीन दिवस होते, त्यामुळे त्याला नाव नव्हतं. घरात त्याचा विषय निघालाच तर नुसतं "तो" म्हणत.

"मग या लाइनीत का आलीस तू?" मी विचारलं.

"कोर्सला पहिल्या दिवशी ही मशीन बघितली. बाळ झोपलेलं, आणि पेनं आपोआप डोंगर काढतायत. तेच डोंगर, कमल. मी चक्कर येऊन पडले."

"मग पळून जायचं होतंस."

"कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे ना," ती म्हणाली.

मला खूप वाईट वाटलं आणि मी तिला तसं सांगितलं. मग दोघींनी चहा घेतला. त्यानंतर मी लिहून घ्यायला कधी कुरकुर केली नाही. पण एक कबूल करायला हवं. ही गोष्ट मी ऐकली ती भुताची गोष्ट म्हणून. रोज पन्नास वेळा फिट, ताठरणं, निळं पडणं असले शब्द टाइप करणारी बाई मी, पण त्या कागदापलीकडे माझी अक्कल गेली नाही.

त्या बाळानंतर चार वर्षांनी निलेश झाला. तो जगला, शिकला, विमा कंपनीत लागला. गेल्या वर्षी त्याच्या बायकोला, अपूर्वाला, दिवस गेले. सुलू आई आणि निलेश यांच्यासोबत त्याच घरात राहायची. अपूर्वाच्या तारखेला आठ दिवस राहिले असताना सुलू बॅग घेऊन माझ्या दारात उभी. मी नुकतीच रिटायर होऊन, पुन्हा करारावर त्याच खुर्चीत बसले होते.

"बारशापर्यंत राहते तुझ्याकडे," ती म्हणाली.

"आत्या तू. बारशाला कानात नाव कोण सांगणार, तुझा वॉचमन?"

"बघू," म्हणाली आणि बॅग आत घेऊन गेली.

अपूर्वाचं बाळंतपण आमच्याच हॉस्पिटलात झालं. शनिवारी मुलगी झाली, तीन किलोची, खणखणीत रडणारी. सुलूने काचेतून बघितली, लांबून. सोमवारी, तिसऱ्या दिवशी, दुपारी दूध पिता पिता मुलगी ताठ झाली. डावा हात वर, मान डावीकडे, श्वास अडकला, ओठ निळे. मिनिटभराने सुटली आणि काही झालंच नाही अशी पुन्हा दूध मागू लागली. तासाभराने परत. या वेळी उजवा हात. बाळाला नवजात कक्षात हलवलं. झोपेचं नेहमीचं औषध दिलं, फिट थांबेनात.

मंगळवारी ईईजी सांगितला. दुसरा टेक्निशियन रजेवर होता. सुलू हात धुऊन आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात नेहमीसारखेच चालले. टेप, लाल खुणा, पेस्ट, वायरी. पेन ड्रॉवरमध्ये. "कमल, लिहून घे."

मी लिहिलं. नाव: अपूर्वा धुरी यांचं बाळ. वय: चार दिवस. पुढचा रकाना आमच्या फॉर्मवर पंचवीस वर्षं छापलेला आहे. कुटुंबात कोणाला फिट? सुलू हा प्रश्न प्रत्येक आईबापाला तीन-तीनदा विचारायची. लोक लपवतात, मुलींची लग्नं अडतात म्हणून खोटं सांगतात, तिला सगळ्या तऱ्हा माहीत होत्या. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "नाही."

मी लिहिलं, नाही.

ती खोटं बोलत नव्हती. फिट येणं हा आजार, आणि भावाचं जे झालं ते तिच्या हातून झालेलं. दोन गोष्टी तिच्या डोक्यात इतक्या लांब ठेवलेल्या होत्या की त्यांची भेटच कधी झाली नव्हती. आणि माझ्याही.

रेकॉर्डिंग चालू असताना एक फिट आली. आधी रेघा सपाट झाल्या, मग डोंगर. सुलूने बाळाची हनुवटी धरली, ऑक्सिजनची नळी नाकाशी आणली, घड्याळ बघितलं आणि मला सांगत गेली. "उजवा हात. मान उजवीकडे. निळी. चाळीस सेकंद. सुटली." तिचा आवाज जराही हलला नाही. मला मात्र रडू फुटलं.

बुधवारी मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर, पेट्रिशिया मॅडम, आल्या. वसईकडच्या, मराठी आपल्यापेक्षा चांगलं. त्यांनी निलेशला आणि अपूर्वाला स्क्रीनसमोर बसवलं. सुलूची आई, राधाकाकू, मागे स्टुलावर. सुलू दाराशी, मी वही घेऊन.

मॅडम म्हणाल्या, "मेंदूतल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीला बारीक दारं असतात. आयन चॅनेल म्हणतात त्यांना. एका दारातून सोडियम आत येतं, दुसऱ्यातून पोटॅशियम बाहेर जातं. दारं उघडली-मिटली की वीज तयार होते. सोडियमचं दार म्हणजे पेटवणारं, पोटॅशियमचं म्हणजे विझवणारं. कळतंय ना?"

निलेशने मान हलवली.

"बाळाच्या मेंदूत ही दारं अजून बसवायचं काम चालू असतं. खिडकीतून तो समोरचा टॉवर बघा. कोणी राहायला आलेलं नाही, पण वायरमन दिवे लावून बघतायत. एका मजल्यावर लागतो, विझतो, मग दुसऱ्यावर. जन्माच्या आधीपासून मेंदूत हेच चालतं. बाहेरून काही बघायला-ऐकायला मिळायच्या आधी पेशी आपल्या आपण पेटतात, आणि त्या पेटण्यातूनच कोणती पेशी कोणाला जोडायची ते ठरत जातं. त्यामुळे पेटणंही लागतं आणि वेळेवर विझणंही लागतं. मोठ्या माणसाला विझवायचे चार मार्ग असतात. एवढ्या लहान बाळाला बाकीचे अजून नीट लागू झालेले नसतात, जवळजवळ सगळा भार या एका पोटॅशियमच्या दारावर. मला वाटतं, हिचं तेच दार थोडं अधू आहे. तिसरा दिवस, कधी डावी बाजू कधी उजवी, मधल्या वेळात बाळ ठणठणीत, आणि या रेघा. सगळं तिकडेच बोट दाखवतंय."

"मग ती..." अपूर्वा म्हणाली.

मॅडम खुर्ची पुढे ओढून तिच्यासमोर बसल्या. "हा बिघाड दोन तऱ्हेचा असतो. एक घराण्यातून चालत आलेला. त्यात फिट काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप थांबतात, कारण बाकीचे मार्ग तयार होतात. मूल बहुतेक वेळा अगदी नीट वाढतं. दुसरा, घरात कोणालाच नाही आणि या बाळातच नव्याने उपटलेला. तो बहुतेक वेळा वाईट असतो. मान धरणं, बसणं, बोलणं, सगळंच अडतं. जीनची तपासणी पाठवू, पण रिपोर्टला चार आठवडे लागतात. आज मला कळायचा एकच मार्ग आहे. घरात कोणाला, अगदी लहानपणी, जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात असं झालं होतं का? फॉर्मवर नाही लिहिलंय. मी परत विचारतेय."

निलेशने आईकडे बघितलं. राधाकाकू म्हणाल्या, "नाय." अपूर्वा ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

लोक घराण्यातला दोष लपवतात, कारण तो कलंक. आणि इथे ती डॉक्टर तोच दोष मागत होती, कारण या पोरीची आशा तेवढ्यातच होती.

त्या संध्याकाळी मी चपात्या करत होते. सुलू ओट्याशी बसून भाजी निवडत होती. माझी तव्यावरची चपाती करपली. सुलू ताट ठेवून उठली, नेहमीसारखी. आणि मला त्या चार डागांची आठवण झाली, त्यावरून निळ्या बाळाची, त्यावरून वर ताठ झालेल्या हाताची. मी गॅस बंद केला.

"सुलू, इकडे ये. तुझा तो भाऊ. एक हात वर होता ना?"

"हो."

"डोकं एका बाजूला? आणि निळा?"

"कमल, नको ना."

"मग काल मी काय लिहून घेतलं तुझ्याकडून? बावीस वर्षं मी हेच टाइप करतेय, सुलू. आपण दोघी काय झोपलो होतो?"

ती हळूच म्हणाली, "ते वेगळं होतं. ते सहाव्या दिवशी झालं. मी लिहिल्यावर."

"तुझ्यासमोर झालेलं पहिलं. आधीचे पाच दिवस तू कुठे होतीस?"

"घाटकोपरला."

"मग घरी कोण होतं त्याला विचार की."

मी ओरडले, हे मान्य करते. मला तिचा राग आला होता, माझाही आला होता. ती रात्री जेवली नाही.

गुरुवार. सहावा दिवस. चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली तेव्हा मी नवजात कक्षात एका बाळाचा रिपोर्ट द्यायला गेले होते. काचेच्या पेटीशी राधाकाकू उभ्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, वाळून काटकुळ्या झालेल्या, सगळ्यांना घालायला देतात तो हिरवा गाउन अंगावर. त्यांनी गाउनच्या आतून घडी घातलेला कोरा कागद आणि नवं पेन काढलं. सिस्टर फ्लेवियाने बघितलं. मला वाटलं आता ती करवादणार, कारण तिथे साधी हातातली अंगठी चालत नाही. तिने दोन्ही वस्तू घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्या. "माझ्या वेळी पण घरी सहावी जागवली होती," ती म्हणाली आणि पिशवी बाळाच्या गादीखाली सरकवली.

सुलू तेव्हाच आत आली. तिने पिशवी बघितली. मी तिचा चेहरा बघून पुढे गेले, पण तिने मला हाताने थांबवलं.

"आई, त्याला पहिल्यांदा कधी झालं?"

राधाकाकूंनी "कोणाक?" असं विचारलं नाही. त्या पेटीकडे बघत राहिल्या.

"आई."

"तिसऱ्या दिसाक," राधाकाकू म्हणाल्या. "तू येवच्या आधी चार-पाचदा निळो पडलेलो."

सुलूने पेटीची कड धरली. "आणि आत्या मला बोलली तेव्हा तू जागी होतीस."

"व्हय."

"मग?"

राधाकाकूंचा आवाज बारीक झाला. "माझ्या दोन भावांका असाच झाला होता. म्हयन्या-दोन म्हयन्यान आपसूक रवला. माका म्हायत होता. पण सांगलंय असतंय तर तुझ्या बापाशीची माणसा म्हणाली असती, हिच्या रक्तातच खोट हा. माका म्हायेराक धाडल्यानी असती. मी गप रवलंय. निलेशाच्या वेळाक म्हायेराक गेलंय ती तेच्यासाठीच. तेकाय झाला. कोणाक कळूक दिलंय नाय."

"ते डाग देत होते तेव्हापण गप्प राहिलीस?"

राधाकाकूंनी मान हलवली. गालांवरून पाणी गाउनवर टपकत होतं, त्या पुसत नव्हत्या.

"आणि माझं काय, आई? अडतीस वर्षं."

"ल्हान पोर ता, इसारतला म्हटलंय."

लहान पोर, विसरेल म्हटलं. मी आयुष्यात अनेक वाईट बातम्या टाइप केल्यात. यापेक्षा वाईट वाक्य माझ्या कानांवर पडलेलं नाही. राधाकाकूंना दोन द्याव्यात असं मला मनापासून वाटलं, आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही.

सुलू खाली वाकली आणि गादीखालची पिशवी ओढून काढली. कागद उलगडला, पेनाचं टोपण काढलं आणि बाळाच्या पेटीच्या कडेवर कागद ठेवून, बाळासमोर, लिहू लागली. राधाकाकूंनी "अगो" एवढंच म्हटलं आणि हात मागे घेतला. मी जन्मात पहिल्यांदा सुलूला तान्ह्या बाळासमोर पेन धरलेलं बघत होते. ती वंशावळ काढत होती, आमच्या फॉर्ममागे डॉक्टर काढतात तशी. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, ज्याला आजार झाला तो आतून भरायचा, गेलेल्यावर तिरकी काट. दोन मामा, दोन भरलेले चौकोन. आई, गोल, अर्धा भरलेला, कारण दोष तिच्यातून आलेला. बाबा. स्वतः, रिकामा गोल. निलेश, भरलेला. खाली बाळ, भरलेला गोल. मधला चौकोन तिने भरला, त्यावर काट मारली आणि थांबली.

"याच्या खाली काय लिहू?" ती म्हणाली. "सगळ्यांना नावं आहेत."

मला वाटलं ती मला विचारतेय. मी म्हटलं, "बारसं झालं नव्हतं ना गं."

"नितेश," राधाकाकू म्हणाल्या. क्षणाचाही वेळ न घेता. "तेच्या बापाशीन ठरवल्यान होता."

सुलूने लिहिलं.

राउंडला आलेल्या पेट्रिशिया मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या कागद वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि सुलूच्या पाठीवर थाप मारली. त्याच संध्याकाळी झोपेची औषधं कमी करून एक जुनं, साधं औषध सुरू झालं. ते सोडियमचं, पेटवणारं दार थोडं आवळून धरतं. शुक्रवारी दोन फिट आल्या. शनिवारी एक. रविवारपासून नाही. चार आठवड्यांनी रिपोर्ट आला तो मीच उघडला. दोष बापाकडून, म्हणजे घराण्यातूनच, आलेला होता. आता ती सहा महिन्यांची आहे, मान धरते, पालथी पडते, आणि माझा चष्मा ओढते. नाव जान्हवी. ते तिच्या कानात सुलूआत्याने सांगितलं. सुलू परत कन्नमवार नगरात राहायला गेली आहे, पण आईशी कामापुरतंच बोलते. मी मध्ये पडून बघितलं. "अजून नाही," एवढंच म्हणाली. तान्ह्या बाळाचा फॉर्म आता ती स्वतः भरते. रेघा सपाट झाल्या की खांदे मात्र अजून वर चढतात.

त्या गुरुवारचं एक सांगायचं राहिलं. मॅडम गेल्यावर सुलूने कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवून पुन्हा गादीखाली सरकवायला गेली. राधाकाकूंनी तिचा हात धरला. त्यांना अक्षर ओळखता येत नाही. त्यांनी कागद मागून घेतला, उलगडला, त्या गोल-चौकोनांकडे बराच वेळ बघितलं.

"ह्यातलो तो खंयचो?" त्यांनी विचारलं.

सुलूने आईचं बोट धरलं आणि काट मारलेल्या चौकोनावर नेऊन ठेवलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. सिस्टर फ्लेविया दोनदा येऊन गेली. काकूंनी बोट उचललं नाही.